मृगाचे साल, रमजानचा चंद्र

आपल्या घरांत भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेले असते, त्याच्या एकेका चौकोनात तीन-तीन तारखा असतात. मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख, खाली मराठी तिथी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत चाँद. दूधवाल्याचा हिशेब पहिलीवर चालतो, रोजे आणि ईद तिसरीवर, आणि शाळेच्या सुट्ट्या तिन्हींवर. पण याच महाराष्ट्रात सुमारे साडेचारशे वर्षे आणखी एक साल चालत होते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. त्याचे आकडे अरबी होते, लिपी मोडी होती, भाषा मराठी होती आणि त्याचा पहिला दिवस मृग नक्षत्राचा होता. मराठी कागदांत त्याला ‘सुहूर सन’ म्हणत. लोक ‘अरबी साल’ किंवा ‘मृगसाल’ असेही म्हणत.

आम्ही तालुक्याच्या गावातील एका उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू हे दोन्ही विषय शिकवतो. तास बदलला की आमची भाषा बदलते, फळ्यावर खडू उलट्या दिशेने चालू लागतो. दोन भाषांच्या मधल्या दारात उभे राहणाऱ्या माणसाला हे मृगसाल फार जवळचे वाटते. म्हणून त्याची गोष्ट वाचकांना सांगावीशी वाटली.

चंद्राचे वर्ष अकरा दिवसांनी लहान

आधी थोडा हिशेब. एका चाँदपासून दुसऱ्या चाँदपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटे जातात. असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस आणि वर पावणेनऊ तास होतात. सूर्याचे, म्हणजे ऋतूंचे वर्ष मात्र ३६५ दिवस आणि सुमारे पावणेसहा तासांचे. दोघांत दरवर्षी जवळपास अकरा दिवसांचा फरक पडतो.

हिंदू पंचांग हा फरक साठू देते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढते. म्हणून दिवाळी कधी पावसाळ्यात येत नाही. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने मागेपुढे करण्याची चाल होती. सूरह तौबामध्ये ती बंद झाली आणि वर्षाचे महिने बाराच राहिले. म्हणूनच आपला रमजान फिरता आहे. साधारण तेहतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून एक फेरी पूर्ण करतो. ज्यांनी १९८६ साली मे महिन्याच्या उन्हात रोजे धरले, त्यांना २०१८ साली पुन्हा तोच मे महिना भेटला. २०३० साली तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

यातून घरातल्या घरात काही गमती होतात. इंग्रजी हिशेबाने चौसष्ट वर्षांचे नानाजी चंद्राच्या हिशेबाने सहासष्ट वर्षांचे असतात. सूरह कहफमध्ये गुहेत झोपी गेलेल्या तरुणांचा मुक्काम तीनशे वर्षे आणि वर नऊ असा सांगितला आहे. अनेक मुफस्सिरांनी त्यावर लिहिले आहे की सूर्याची तीनशे वर्षे म्हणजे चंद्राची तीनशे नऊ. कागद-पेन्सिल घेऊन ३०० ला ३६५.२४ ने गुणा आणि ३५४.३७ ने भागा, उत्तर ३०९ च्या जरासे पुढे येते. आठवीच्या मुलांना आम्ही हा गुणाकार घरून करून आणायला सांगतो.

एक गोष्ट गमतीची नाही, जबाबदारीची आहे. जकातीचे वर्ष चंद्राचे असते. काही व्यापारी सोयीसाठी ३१ मार्च ते ३१ मार्च असा हिशेब धरतात. दरवर्षी अकरा दिवस मागे राहतात आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात मागे राहून जाते. कुणाचा हक्क नकळत आपल्याकडे राहू नये, म्हणून हे अकरा दिवस लक्षात ठेवलेले बरे.

पीक चाँद पाहून येत नाही

इबादतीसाठी चंद्राचे वर्ष उत्तम. ते गरीब-श्रीमंत, गार देश-उष्ण देश सगळ्यांना सारखे वाटून देते. पण शेत नांगरणाऱ्याचे काय? ज्वारी मोहरम पाहून निसवत नाही. तिला पाऊस लागतो आणि पाऊस सूर्याच्या मागे येतो. सरकारी वसुली चंद्राच्या वर्षाने ठेवली तर ती दरवर्षी अकरा दिवस आधी दारात उभी राहणार. एक दिवस असा येणार की कणसात दाणा नाही आणि दारात शिपाई आहे.

मुस्लिम राज्यकर्त्यांना ही अडचण फार लवकर कळली. अब्बासी खलीफा अल-मुअतजिद यांनी इ.स. ८९५ मध्ये वसुलीचे वर्ष पुढे ढकलून ११ जूनवर नेले, कारण पीक हाती येण्याआधीच शेतकऱ्याकडे कर मागितला जात होता. इराणात सुलतान मलिकशाहने सूर्याचे नवे कॅलेंडर करवून घेतले. ते १०७९ साली सुरू झाले आणि ते तयार करणाऱ्या जाणकारांत उमर खय्याम होते. ज्यांना आपण फक्त रुबायांमुळे ओळखतो, ते मुळात गणिती होते. हिंदुस्थानात अकबराच्या काळात ‘फसली’ साल आले. फसल म्हणजे पीक, नावातच सगळे आले. पुढे दख्खनमध्येही फसली साल लागू झाले आणि महसुलाच्या जुन्या कागदांत ते आजही दिसते.

पण दख्खनमध्ये फसलीच्याही आधी सुहूर सन होता. ‘शहर’ म्हणजे अरबीत महिना, त्याचे अनेकवचन ‘शुहूर’. मुहम्मद बिन तुघलकच्या काळात, १३४४ च्या सुमारास तो सुरू झाला असे मानले जाते. तेव्हा हिजरी ७४५ चालू होते. तोच आकडा घेतला, पण पुढची मोजणी चंद्रावर न ठेवता सूर्यावर ठेवली. वर्षाचा आरंभ कोणत्या दिवशी? सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे आजच्या ७-८ जूनच्या आसपास. ज्या दिवशी दख्खनचा शेतकरी आभाळाकडे पाहतो आणि मुले अंगणात लाल मखमली मृगाचा किडा शोधतात, त्या दिवशी सरकारी दप्तरात नवे पान उघडे.

हिजरी आणि सुहूर ही एकाच आकड्यावरून निघालेली दोन वर्षे आज कुठे आहेत? २०२५ च्या जून महिनाअखेरीस हिजरी १४४७ लागले. त्याच महिन्यात मृगापासून सुहूर १४२६ लागले असते. पावणेसातशे वर्षांत चंद्राचे साल सूर्याच्या सालापेक्षा एकवीस वर्षे पुढे गेले. दरवर्षीचे ते अकरा दिवस साठून साठून किती होतात, ते इथे दिसते.

आता मृगाविषयी दोन शब्द. मृग लागते तेव्हा मृगाचे तारे दिसत नाहीत, कारण सूर्यच त्यांच्या घरात असतो. ते पाहायचे तर जानेवारीत इशाची नमाज पढून मशिदीबाहेर आलात की वर पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. मराठी माणसाने त्यात हरणाच्या पोटात रुतलेला बाण पाहिला आणि खालच्या सर्वात तेजस्वी ताऱ्याला व्याध म्हटले. अरबांनी त्याच जागी ‘जौजा’ पाहिली. तिचा पाय ‘रिज्ल’, त्यावरून रायजेल. तिचा हात ‘यद’, लिहिण्या-वाचण्यातल्या गफलतीने त्याचे झाले बीटलज्यूस. तीन ताऱ्यांपैकी एकाचे नाव मिंटाका, म्हणजे ‘मिंतका’, कमरपट्टा. आणि व्याध म्हणजे सूरह नज्ममधला ‘शिअरा’. जगभरच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ही अरबी नावे तशीच राहिली आहेत. आकाश एकच आहे, पाहणाऱ्यांनी आपापल्या अंगणातून त्याला नावे दिली.

इहिदे, इसन्ने, सलास

सुहूर सनाची खरी गंमत त्याच्या लिहिण्यात आहे. तो आकड्यांत क्वचित लिहीत. बहुधा शब्दांत लिहीत आणि शब्द अरबी असत. मराठी कारकुनाच्या तोंडी ते थोडे घासून गुळगुळीत झाले होते, इतकेच. एक ते दहा असे आहेत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. मग वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशी समानीन, नव्वद तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशे मयातैन, हजार म्हणजे अलफ.

लिहिण्याची रीत अरबीप्रमाणे, आधी एकक, मग दशक, मग शतक आणि शेवटी हजार. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. त्या वर्षाच्या मराठी कागदांवर साल असे येते: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. इंग्रजी वर्ष काढायचे तर जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवायचे आणि मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९.

हे शब्द आम्ही आठवीच्या मराठीच्या तासाला फळ्यावर लिहिले. त्या वर्गात एक मुलगी आहे, उर्दूत पहिली, मराठीत कशीबशी पास होणारी. तिला एकदा आम्ही विचारले होते, “बेटा, मराठीत एवढी मागे का?” तिने सहज उत्तर दिले होते, “सर, मराठी अपनी थोडीच है, इम्तिहान की है.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. जे ऐकत मोठी झाली ते तिने सांगितले. आम्हाला मात्र ते वाक्य अनेक दिवस पुरले.

त्या दिवशी तीच मुलगी सर्वात आधी उठली. मकतबमध्ये गिनती पाठ केलेली, त्यामुळे तिला काही शिकवावेच लागले नाही. “अशर म्हणजे दहा, आशुरा दहा मोहरमला असतो ना!” दुसरा म्हणाला, “अशरा मुबश्शरा.” तिसऱ्याने अलिफ लैला आठवून ‘अलफ’ म्हणजे हजार सांगितले. कुणीतरी ‘समान’ म्हणजे ‘सारखे’ असे मराठीत उत्तर दिले आणि वर्ग हसला. ‘तिसा’ला तर बहुतेकांनी तीस म्हटले. तो नऊ असतो. पंधरा मिनिटांत वर्गाने पानिपतचे साल काढले. दुपारच्या सुट्टीत शेजारच्या मराठी शाळेतील एका शिक्षकमित्रांना आम्ही तीच ओळ दाखवली. ते इतिहास शिकवतात, तरीही कोष्टक पाहिल्याशिवाय त्यांना ती लागली नाही. तेच हसून म्हणाले, “तुमच्या पोरांना हे आयतं येतंय की!”

मग आम्ही मुलांचे लक्ष एका अक्षराकडे वेधले. ‘मया व अलफ’ मधला ‘व’. अरबीत ‘व’ म्हणजे ‘आणि’. मराठीतही ‘व’ म्हणजे ‘आणि’. हा योगायोग नाही. मराठीतला हा ‘व’ अरबी-फारसीतून आल्याचे कोशकार सांगतात. ‘आई व बाबा’, ‘पाटी व पेन्सिल’ हे पहिलीच्या पुस्तकातले शब्द जोडणारे अक्षर आपल्याच ओळखीचे आहे. त्या मुलीने वहीत ‘व’ लिहून त्याभोवती गोल केला. काही बोलली नाही.

‘छ’ म्हणजे चंद्र

मराठी कागदांत साल असे सूर्याचे असे, पण तारीख अनेकदा चंद्राची असे. तारखेआधी एक ‘छ’ लिहीत. हा ‘छ’ म्हणजे ‘चंद्र’. त्यापुढे हिजरी महिन्याचा दिवस: छ ५ साबान, छ २० रमजान, छ ३ जिल्हेज. महिन्यांची नावेही जिभेवर रुळलेली, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, सवाल, जिल्काद. पुण्यात पेशव्यांच्या कचेरीत बसून पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला आज रमजानचा कितवा चाँद आहे हे ठाऊक असावे लागे, नाहीतर त्याच्या पत्राला तारीखच पडली नसती.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला आणि रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या अरबी-फारसी शब्दांना त्यात संस्कृत शब्द दिले होते. राज्य उभे करणाऱ्याला आपली भाषा वर आणाविशी वाटणे साहजिक होते. तरी पुढची दीडशे वर्षे सुहूर सन आणि हिजरी महिने मराठी कागदांवर चालूच राहिले. ‘पेशवा’ हा शब्दच फारसी, फडणवीस, चिटणीस, मुजुमदार, हवालदार ही नावेही त्याच वाटेने आलेली. भाषा हुकमाने थोडी बदलते, सवयीने जास्त टिकते.

गेल्या वर्षी त्या मुलीचे आजोबा शाळेत आले. त्यांचे घराणे जवळच्या एका गावात दर्ग्याची खिदमत करणारे. जुने घर पाडायचे होते, पेटीत एक कागद सापडला होता. मोडीत लिहिलेला, घड्यांवर फाटलेला. घरात दोन मते पडली होती. एक म्हणे, अल्लाहचे नाव असेल तर वाहत्या पाण्यात ठंडा करू. दुसरा म्हणे, हे आपल्या लिपीत नाही, आपले काही नसेल, रद्दीत द्या. नातीने हट्ट धरला म्हणून कागद आमच्याकडे आला.

मोडी आम्हाला वाचता येत नाही. पण मोडी शिकलेले एक निवृत्त गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावून वाचायला घेतले. मजकूर भराभर वाचत गेले आणि तारखेवर अडले. अक्षरे लागत होती, अर्थ जुळत नव्हता. ते एकेक शब्द उच्चारत होते आणि बाजूला बसलेली मुलगी आकडे सांगत होती. छ ११ रबिलाखर. “म्हणजे ग्यारवीं शरीफ,” आजोबा पटकन म्हणाले. साल: समान समानीन मया व अलफ. “आठ, ऐंशी, शंभर, हजार. अकराशे अठ्ठ्याऐंशी.” गृहस्थांनी जंत्री काढून ताडून पाहिले. हिजरी साल तेव्हा १२०२ होते, सुहूर ११८८, आणि इंग्रजी महिना जानेवारी १७८८. कागदात दर्ग्याची दिवाबत्ती आणि उरुसाचा खर्च पूर्वीप्रमाणे चालवावा, असे लिहिले होते.

त्या कागदाने कुणाला जमीन मिळाली नाही, पैसा मिळाला नाही. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिलेल्या त्या ओळी त्यांच्याच घराविषयी होत्या. ज्या भाषेला नात ‘इम्तिहान की’ म्हणत होती, त्या भाषेत तिच्या पूर्वजांचे चिराग जळत होते. परत येताना आजोबा कागद छातीशी धरून बसले होते. मुलीने विचारले, “सर, मोडी कितने दिन में आती है?”

आपल्या पेट्यांत काय आहे?

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कचेऱ्यांत होती. आज वाचणारे थोडे उरले आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडात बांधलेले कागदांचे हजारो गठ्ठे आहेत, त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, पण बाकीचा साठा फार मोठा आहे. ग. ह. खरे फारसी शिकले म्हणून त्यांना दख्खनची फारसी साधने छापता आली. सेतुमाधवराव पगडींनी उर्दू-फारसी आपलीशी केली म्हणून मोगल काळाची साधने मराठी वाचकाला मिळाली. त्यांना दुसऱ्या बाजूची भाषा कष्टाने मिळवावी लागली. आपल्या मुलांना दोन्ही बाजूंच्या किल्ल्या घरात आणि शाळेत मिळतात. त्यातली एक ‘आपली नाही’ म्हणून फेकून देणे हा तोटा कुणाचा?

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. काझी, मुल्ला, मुजावर, खतीब, इनामदार, पाटील, देशमुख अशी आडनावे ज्या घरांची आहेत, त्यांनी एकदा माळ्यावरच्या पेट्या उघडाव्यात. न वाचता येणारा कागद सापडला तर तो रद्दीत घालू नये आणि पाण्यातही सोडू नये. लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा, मोबाईलवर त्याचा स्वच्छ फोटो काढावा आणि मोडी जाणणाऱ्याला तो फोटो दाखवावा. घरातल्या मुलांना शेजारी बसवावे. तारीख बहुधा तीच सांगतील.

आणि कागद नसला तरी हरकत नाही. पुढच्या जूनमध्ये मृग लागेल त्या दिवशी मुलांना एवढे सांगा की आज आपल्याकडे एकेकाळी नवे साल सुरू व्हायचे. मग ही ओळ त्यांच्यासमोर ठेवा आणि इंग्रजी वर्ष काढायला सांगा: सबा सबैन मया व अलफ. उत्तर आम्ही देत नाही. मकतबमध्ये जाणारी मुले ते चहा उकळेपर्यंत काढतील.